वंशावळ साक्षीदार आहे, शास्त्र नव्हे



धम्मदीक्षेनंतर घरातील देव्हारा रिकामा होतो, भिंतीवरील तसबिरी उतरतात, गळ्यातील गंडेदोरे तुटून पडतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्याच साफसफाईत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतील एक पिवळा पडलेला कागदही पुष्कळदा चुलीत जातो. आजोबांनी किंवा त्यांच्या चुलत्यांनी कोणाकडून तरी उतरवून घेतलेली ती घराण्याची वंशावळ असते. तिच्यावर खंडोबाचे वा मरीआईचे नाव असते, प्रत्येक पुरुषाच्या नावापुढे ‘महार’ असे लिहिलेले असते, आणि घरातील सुशिक्षित मुलगा म्हणतो, ‘ही जुन्या गुलामीची खूण आता कशाला ठेवायची?’

दुसऱ्या घरी याच्या अगदी उलट प्रकार दिसतो. तेथे कोणी तरी छापून दिलेली रंगीत वंशावळ काचेत मढविलेली असते. तिच्या शेंड्यावर एखादा सम्राट किंवा राजा विराजमान असतो, त्याच्या खाली चार-पाचच नावे असतात, आणि त्यांतून घरचा कर्ता पुरुष थेट उतरलेला दाखविलेला असतो. त्या कागदावर शंका घेणे म्हणजे पूर्वजांचा अपमान, असे त्या घरी समजले जाते.

आमच्या मते या दोन्ही घरांचा दोष एकच आहे. पहिल्याने कागद न वाचता टाकला, दुसऱ्याने न वाचता पूजला. दोघांनीही त्याला प्रश्न विचारला नाही. पूर्वी कोणी तरी संकलित केलेला घराण्याचा इतिहास हाती आला म्हणजे त्यास न्यायालयातील साक्षीदाराप्रमाणे उभे करावे, त्याची उलटतपासणी घ्यावी, जेवढे टिकेल तेवढे स्वीकारावे आणि मूळ कागद मात्र जिवापाड जपावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. आजच्या काळात आपल्या मुलांचे शिक्षण, आपल्या जमिनी आणि आपल्या लेकींचे हक्क या एका सवयीवर किती अवलंबून आहेत, हेही आम्ही दाखवू इच्छितो.

तथागतांपुढे आलेली एक वंशावळ

कोणी म्हणेल, ‘जन्माने कोणी श्रेष्ठ वा नीच होत नाही, असे आपला धम्म सांगतो, मग बौद्धाला वंशावळ हवी कशाला?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्रिपिटकातच आहे. दीघनिकायात अंबट्ठ सुत्त म्हणून एक सुत्त आहे. पोक्खरसाति नावाच्या ब्राह्मणाचा शिष्य अंबट्ठ हा तरुण तथागतांकडे येतो आणि उभ्या उभ्या शाक्य कुळाची निंदा करू लागतो. तेव्हा तथागत त्यास त्याचे गोत्र विचारतात. तो ‘कण्हायन’ असे सांगतो. त्यावर तथागत ते गोत्र कोठून सुरू झाले हे त्यास स्मरण करून देतात: ओक्काक राजाची दिसा नावाची दासी होती, तिचा पुत्र कण्ह, आणि कण्हापासून कण्हायन. मग ते विचारतात की, वृद्ध आचार्यांच्या तोंडून तू काय ऐकले आहेस? अंबट्ठ दोनदा गप्प बसतो आणि अखेर कबूल करतो.

ज्या परंपरेच्या जोरावर अंबट्ठ गर्व करीत होता, तीच परंपरा तथागतांनी पुरावा म्हणून त्याच्यापुढे ठेवली. त्यांनी वंशावळ फेकून दिली नाही आणि तिच्यापुढे मानही तुकविली नाही. तिच्यात प्रत्यक्ष काय आहे, एवढेच त्यांनी विचारले. पुढे इतर तरुण ‘दासीपुत्र’ म्हणून अंबट्ठाची हेटाळणी करू लागले, तेव्हा तथागतांनी त्यांनाही थांबविले आणि तो कण्ह पुढे मोठा ऋषी झाला, हे सांगितले. सत्य उघड करावे, परंतु त्याचा उपयोग कोणाला खाली पाडण्यासाठी करू नये, असा हा धडा आहे. विद्या आणि आचरण यांच्या परमोच्च अवस्थेत जातिगोत्राची भाषाच उरत नाही, असेही ते त्याच संवादात सांगतात.

केसपुत्त येथील कालामांना दिलेला उपदेश तर आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. परंपरेने आले, ग्रंथात लिहिले आहे, सांगणारा पूज्य आहे, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट मान्य करू नये. हा नियम पोथ्यांना जसा लागू आहे तसा आपल्या घरच्या वंशावळीलाही लागू आहे. आणि सिगालोवाद सुत्तात पुत्राच्या कर्तव्यांत कुलपरंपरा राखणे व वारशास पात्र होणे यांचा स्पष्ट समावेश आहे. बावीस प्रतिज्ञांनी आपण श्राद्ध आणि पिंडदान यांचा त्याग केला, पूर्वजांच्या स्मरणाचा त्याग केला नाही. पुरोहिताला आपल्या तीन पिढ्यांची नावे पिंडासाठी लागत होती, आपल्याला ती सत्यासाठी आणि हक्कासाठी हवी आहेत.

कागद कोणी लिहिला, कशासाठी लिहिला?

कोणतीही तयार वंशावळ हाती आली की पहिला प्रश्न तिच्या कर्त्याविषयी विचारावा. महाराष्ट्रात अशा संकलनांचे काही ठळक प्रकार आहेत आणि प्रत्येकाची नजर वेगळी आहे.

तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांच्या वह्यांत अनेक स्पृश्य घराण्यांच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. कोकणस्थ, कऱ्हाडे इत्यादी ब्राह्मण घराण्यांचे छापील कुलवृत्तान्त विसाव्या शतकात निघाले, त्यांना अशा वह्यांचा आणि दप्तरांचा आधार मिळाला. परंतु ज्या नाशकात २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या दारात आपल्या माणसांना सत्याग्रह करावा लागला, तेथील उपाध्यायांच्या वह्यांत आपले पणजोबा विपुल सापडतील अशी अपेक्षा कशी करावी? त्यांचे मौन म्हणजे आपल्या पूर्वजांचे अस्तित्वच नव्हते असा अर्थ नव्हे. दाराबाहेर ठेवलेल्यांची मोजणी दाराच्या आत बसणारा करीत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

दक्षिण महाराष्ट्रात हेळवी सुगीनंतर गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या वाचून दाखवितात आणि नवी नावे नोंदवून घेतात. इतरत्र भाटांच्या वह्या आहेत. यांच्या नोंदी मोलाच्या असतात, विशेषतः ज्या पिढ्या त्यांनी वा त्यांच्या वाडवडिलांनी दारात उभे राहून लिहिल्या त्या. परंतु ज्याची बिदागी यजमान देतो त्याची जीभ यजमानाच्या वंशाच्या आरंभापाशी गोड होते. म्हणून अलीकडच्या पिढ्यांसाठी वही विश्वसनीय आणि मूळपुरुषासाठी संशयास्पद, असे सर्वसाधारण धोरण ठेवावे.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रकार म्हणजे वतनाची कागदपत्रे. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वतन कायद्यान्वये वतनदारांच्या नोंदवह्या झाल्या. महारकीच्या तक्षिमा, पाळ्या आणि हिस्से ठरविताना घराण्यांच्या शाखा लिहाव्या लागल्या. याच कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले, कारण वतन हे वैभव नसून बेडी आहे हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली आणि १ ऑगस्ट १९५९ पासून त्या कायद्याचा अंमल सुरू झाला. बेडी तुटली हे उत्तम झाले. पण त्या बेडीच्या हिशेबाच्या वहीत आपल्या पूर्वजांची नावे आहेत हे विसरू नये. ज्यांना इतर कोणी नोंदविले नाही, त्यांना राबविणाऱ्याने तरी नोंदविले. ते कागद वाचताना लाज त्यांनी बाळगावी ज्यांनी ती व्यवस्था चालविली, आपण नव्हे.

मात्र वतनाच्या वंशावळीची नजरही अपुरी आहे. तिला माणसे हवी नव्हती, हिस्सेदार हवे होते. ज्याचा हिस्सा नाही तो तिच्यात नाही. जो भाऊ पलटणीत गेला, गिरणीत गेला, नागपूरला वा मुंबईला जाऊन तेथेच स्थायिक झाला, त्याचे नाव पुष्कळदा गळाले. गावात उरलेल्यांनी जी नावे सांगितली ती लिहिली गेली. म्हणून अशा कागदात एखादी शाखा दिसत नसेल, तर ती निर्वंश झाली असे मानण्याची घाई करू नये.

यांशिवाय एन्थोव्हेन यांचे १९२० ते १९२२ मधील मुंबई इलाख्यातील जातिजमातींवरील खंड, रसेल व हिरालाल यांचे १९१६ चे मध्य प्रांतावरील खंड, मिशनरी अलेक्झांडर रॉबर्टसन यांचा १९३८ चा महार समाजावरील ग्रंथ, अशी पुस्तकेही आहेत. त्यांत पोटभेद, कुळे, देवके यांची माहिती मिळते. परंतु ती समाजाची माहिती आहे, आपल्या घरची नव्हे. त्यांतील एखादे कुळनाम उचलून आपल्या आजोबांच्या डोक्यावर बसविणे हे संशोधन नव्हे.

उलटतपासणीचे पाच प्रश्न

कागद समोर ठेवून पुढील पाच प्रश्न विचारावेत. त्यांस मोठे पांडित्य लागत नाही, चिकाटी लागते.

पहिला प्रश्न: लिहिणाऱ्याने स्वतः काय पाहिले आणि काय ऐकले? आजोबांनी १९४० च्या सुमारास वंशावळ लिहिली असेल, तर त्यांचे वडील, चुलते, आजोबा हे त्यांनी पाहिलेले. त्यापलीकडचे ऐकीव. वहीत दोहोंमध्ये एक आडवी रेघ ओढावी. रेघेखालचे बलवान, रेघेवरचे तपासण्याजोगे.

दुसरा प्रश्न: साक्षीदार खरोखर किती? चुलत्याकडे, आत्याकडे आणि गावातील भावकीकडे अशा तीन वंशावळी सापडल्या आणि तिन्ही जुळल्या, म्हणजे तीन पुरावे झाले असे वाटते. पण तिन्ही एकाच जुन्या कागदाच्या नकला असतील तर पुरावा एकच. मूळ कागदातील चूक दहा नकलांत दहा वेळा दिसते, म्हणून ती खरी ठरत नाही. याउलट, वंशावळीतले नाव जन्म-मृत्यूच्या नोंदीत, शाळेच्या दाखल्यात किंवा जमिनीच्या कागदात स्वतंत्रपणे सापडले, तर तो खरा दुसरा साक्षीदार.

तिसरा प्रश्न: हिशेब जमतो काय? दोन पिढ्यांत सर्वसाधारणपणे पंचवीस ते तीस वर्षांचे अंतर धरावे. एखाद्या घरची वंशावळ सांगते की मूळपुरुष १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी हयात होता आणि आजोबांचा जन्म १९१० चा. मध्ये दोनशे छत्तीस वर्षे झाली, म्हणजे आठ-नऊ पिढ्या हव्यात. कागदावर चारच नावे असतील तर मधली माणसे गळाली आहेत किंवा वरचे नाव मागाहून चिकटविलेले आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली चाल असल्यामुळे दोन ‘रामा’ एकात मिसळले जाणे हाही नित्याचा प्रकार आहे. सनांचाही घोटाळा होतो. शके असेल तर अठ्ठ्याहत्तर, आणि दक्षिणेतील फसली असेल तर पाचशे नव्वद मिळवावे. शके १७८२ आणि फसली १२७० हे दोन्ही १८६० च्या आसपासचेच.

चौथा प्रश्न: एकच माणूस किती नावांनी वावरला? मोडी कागदात ‘सिदनाक बिन रायनाक’ असे आढळते. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि स्त्रीच्या नावापुढील ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. भीमा-कोरेगावच्या स्तंभावरील नावांतही ‘नाक’ने संपणारी नावे आहेत. गावच्या दप्तरात जो ‘धोंड्या’ तोच पलटणीत ‘धोंडनाक’ आणि नातवाच्या लग्नपत्रिकेत ‘धोंडिबाजी’ होतो. लिहिणाऱ्याच्या तुच्छतेमुळे नाव मोडले, माणूस दुसरा झाला नाही. खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. कुळाचे आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या नोंदवहीत नाव पडले ‘भिवा रामजी आंबेडकर’. ज्या महापुरुषाचे चरित्र जगाला ज्ञात आहे त्याच्या घरीही दोन पिढ्यांत आडनाव बदलले. मग आपल्या घरी बदलले नसेल कशावरून? याचीच दुसरी बाजू अशी की, आडनाव एक म्हणून कूळ एक असे नव्हे. कांबळे, गायकवाड, जाधव, शिंदे ही आडनावे असंख्य असंबद्ध घरांत आहेत. नाते आडनावावरून जोडू नये. गाव, वाडा, तक्षीम आणि पिढी यांवरून जोडावे.

पाचवा प्रश्न: हा कागद कोणत्या प्रसंगी तयार झाला? वाटणीच्या दाव्यात, दत्तकाच्या भांडणात वा मानपानाच्या तंट्यात केलेली वंशावळ एका पक्षाची कैफियत असते. ती खोटीच असेल असे नाही, पण तिने कोणाला वगळले हे शोधल्याशिवाय तिच्यावर सही करू नये.

हा हौसेचा विषय नव्हे

हे सर्व कशासाठी, असे विचाराल तर उत्तर रोकडे आहे. अनुसूचित जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. त्यात आरंभी हिंदूंखेरीज इतरांना जवळजवळ स्थान नव्हते. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात समाविष्ट झाले. मधल्या चौतीस वर्षांत आपल्या घरांतील नोंदी कशा झाल्या ते पाहा. एका भावाच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, दुसऱ्याच्या ‘बौद्ध’, तिसऱ्याच्या ‘नवबौद्ध’. तिघेही एकाच आईच्या पोटचे. महाराष्ट्रात जात प्रमाणपत्रांच्या पडताळणीचा कायदा २००१ पासून अमलात आहे आणि त्यानुसार आपला दावा सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर आहे. १९५० पूर्वीचा पुरावा बहुधा पणजोबांच्या नावाचा असतो, आणि पणजोबांपासून मुलापर्यंतचा पूल म्हणजे वंशावळ. तो पूल एका ठिकाणी जरी कच्चा असला तरी वैद्यकीय वा अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेल्या मुलाची जागा धोक्यात येते.

वडिलांकडील रक्ताच्या नातलगास रीतसर चौकशीनंतर वैधता मिळाली असेल, तर तिचा लाभ अर्जदारास व्हावा, असे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली मांडले. परंतु त्यासाठी नाते सिद्ध व्हावे लागते. एका चुलतभावाने शपथपत्रावर एक वंशावळ दिली, दुसऱ्याने घाईने तिची नक्कल करताना एक पिढी गाळली आणि तिसऱ्याने गावच्या कागदाऐवजी ऐकीव नाव लिहिले, की तिघांचे कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देऊ लागतात. म्हणून भावकीतील सर्वांनी एकत्र बसून एकच तपासलेली वंशावळ तयार करावी, हे शहाणपणाचे.

वतनाच्या जमिनींचीही तीच गोष्ट. इनाम वर्ग सहा ‘ब’ म्हणून ज्या जमिनी ओळखल्या जात, त्यांच्या हस्तांतरावर कायद्याने निर्बंध असतानाही त्या किती हातांतून गेल्या याची गाऱ्हाणी गावोगाव ऐकू येतात. हक्क मागावयाचा तर आपण कोणत्या तक्षिमेचे, कोणाचे वारस, हे दाखवावेच लागते. तलाठ्याकडील फेरफार, वारसांची नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा ‘क’, जन्म-मृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना चौदा, जुने कडईपत्रक, हे सारे घरच्या वंशावळीशी ताडून पाहावे. जेथे मेळ बसत नाही तेथे दावा दाखल करण्यापूर्वीच उत्तर शोधावे. प्रतिपक्षाचा वकील ते आधी शोधील, अशी वेळ येऊ देऊ नये.

राजवंशाचा मोह

आता एका नाजूक गोष्टीविषयी. ‘मोरे म्हणजे मौर्य, म्हणून आम्ही सम्राट अशोकाचे वंशज’, ‘नाक म्हणजे नाग, म्हणून आम्ही अमक्या नागराजाचे’, असे सांगणाऱ्या वंशावळी हल्ली सहज मिळतात. शब्दाचा ध्वनी जुळला म्हणून पिढ्या जुळत नाहीत. मध्ये बावीस शतके आहेत आणि त्या बावीस शतकांतील एकाही माणसाचे नाव त्या कागदावर नसते.

बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात अस्पृश्यांच्या मुळाविषयी सिद्धांत मांडला आणि नागपूरच्या भाषणात नाग लोकांचे स्मरण केले, हे खरे. परंतु ते एका समाजाच्या इतिहासाचे विवेचन आहे. त्यांनी कोणा एका घराला राजाचे वंशपत्र लिहून दिले नाही. शिवाय आपला सिद्धांत हा अखेरचा शब्द नव्हे, हे त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच नम्रपणे नमूद केले. ज्यांना स्वतःच्या सिद्धांताची तपासणी हवी होती, त्यांचे अनुयायी बाजारातल्या वंशावळीची तपासणी करणार नाहीत काय?

गोपाळबाबा वलंगकरांसारख्या आद्य पुढाऱ्यांनी १८९४ सालच्या अर्जात आपण मूळचे क्षत्रिय असल्याचे मांडले, कारण लष्कराचे दार पुन्हा उघडावयाचे होते आणि त्या काळच्या राज्यकर्त्यांना तीच भाषा समजत होती. त्या प्रयत्नापुढे आपण नतमस्तक आहोत. परंतु आज तो अर्ज पुढे करून घरच्या वंशावळीत क्षत्रिय मूळपुरुष बसविणे म्हणजे ज्या उतरंडीतून आपण बाहेर पडलो तिच्याच वरच्या मडक्यात जागा मागणे होय. कपिलवस्तूत भिक्षापात्र घेऊन फिरणाऱ्या पुत्राला शुद्धोदनाने क्षत्रिय वंशाची आठवण दिली, तेव्हा आपला वंश बुद्धांचा आहे, असे तथागतांनी सांगितल्याची कथा अट्ठकथांत आहे. ज्यांनी खऱ्या राजवंशाचाही दिमाख मानला नाही त्यांच्या उपासकाने कल्पित राजवंश मिरवावा, हे शोभत नाही. आपला पणजोबा पाळीचा महार होता, त्याने सारा गाव झाडला, टपाल वाहिले, शिव राखली आणि तरीही आपल्या लेकराला शाळेच्या दारापर्यंत नेले, ही हकिकत कोणत्याही राजाच्या बिरुदावलीहून अधिक तेजस्वी आहे, कारण ती खरी आहे.

वगळलेल्या आयाबहिणी

जुन्या वंशावळींचा सर्वांत मोठा दोष अखेरीस सांगतो. त्यांत स्त्रिया नाहीत. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, जणू या घरांत आया नव्हत्याच. हा केवळ विसर नव्हता. वतन कायद्याच्या १८८६ च्या दुरुस्तीने, शेवटच्या वतनदाराची विधवा सोडल्यास, वारशात स्त्रियांचा क्रम पुरुष वारसांच्या मागे ढकलला होता. कायद्याने जिला मागे ढकलले तिला कागदाने पुसून टाकले.

आज कायदा तसा नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीची सहदायाद झाली. हिंदू कोड बिलासाठी ज्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला त्यांच्या अनुयायांच्या घरी तरी जुन्या कागदाची नक्कल करताना लेकी पुन्हा गाळल्या जाऊ नयेत. प्रत्येक पिढीत आईचे नाव, तिचे माहेरचे गाव, आणि प्रत्येक लेक व तिचे सासर लिहावे. यात न्याय आहेच, पण संशोधनाचा लाभही आहे. हरवलेली शाखा कित्येकदा आत्याच्या सासरच्या गावी सापडते, कारण ज्या म्हातारीला कागदाने विसरले तिला मात्र माहेरची सगळी नावे पाठ असतात.

आता करावयाचे काय?

मूळ कागदावर दुरुस्ती करू नये. त्यावर शाईने नवे नाव घुसडले की तो पुरावा म्हणून निकामी होतो. त्याचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे, दोन-तीन नातलगांकडे प्रती ठेवाव्यात, आणि आपले संशोधन वेगळ्या वहीत लिहावे. प्रत्येक नावासमोर ते कोठून मिळाले हे नोंदवावे: अमुक आजीने सांगितले, अमुक कागदात पाहिले. मोडी वाचता येत नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे, पण मूळही सोबत ठेवावे. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तरासह जुने कागद आहेत आणि तहसील कार्यालयांतील अभिलेख कक्ष आपल्यासाठीही आहेत. तेथे अर्ज करण्यास कोणी भिऊ नये. जे नाव सापडले नाही तेथे रिकामी जागा सोडावी आणि ‘शोध चालू’ असे लिहावे. रिकामी जागा ही लाजेची गोष्ट नाही, खोट्या नावाने भरलेली जागा ही आहे.

हे काम या वर्षावासात हाती घ्या. विहारात धम्मग्रंथाचे वाचन संपल्यावर एक तास भावकीतील वृद्धांना बसवा, मुलांच्या हाती वही द्या, आणि जुना कागद मध्ये ठेवा. दीक्षा घेऊन अवघे चार महिने झालेल्या घरानेही यापासून दूर राहू नये, किंबहुना त्या घराने तर सर्वांत आधी बसावे, कारण जुन्या नोंदी आणि नवे नाव यांची सांगड घालण्याची गरज त्यालाच अधिक आहे. आपण धर्म बदलला म्हणजे इतिहास जाळला असे नव्हे. आपण तो दुसऱ्याच्या हातून काढून आपल्या हाती घेतला आहे. आता तो तपासून, खरा करून पुढच्या पिढीच्या हाती देणे हे आपले कर्तव्य आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!